माल बरोबर, कागद चूक: विमान थांबवायचं की उडवायचं?

द्राक्षवेल
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी अंबडला एका फॉरवर्डरकडे, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजन्सीत, निर्यातीची कागदपत्रं बघते. नाशिकचा विमानाने जाणारा माल, म्हणजे औषधं, इलेक्ट्रिकल सामान, रंगांचे आणि रसायनांचे नमुने, बराचसा ट्रकने कसारा उतरून मुंबईला सहारला जातो आणि तिथे विमानात चढतो. पुष्कळांना वाटतं की असा माल वेगळ्या मालवाहू विमानातूनच जात असणार. तसं नाही. त्यातला मोठा हिस्सा प्रवासी विमानाच्या पोटात, आपल्या बॅगांच्या शेजारीच जातो. त्यात नियमांत बसणारा धोकादायक मालही असतो. धंद्यात आम्ही त्याला 'डीजी' (डेंजरस गुड्स) म्हणतो.

माझा मावसभाऊ सहवैमानिक आहे. कोणत्या कंपनीत ते सांगणार नाही, कृपया विचारू नका. परवा घरी आला होता तेव्हा त्याने एक प्रसंग सांगितला, आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

विमान निघायच्या तयारीत. कॅप्टनच्या हातात नोटॉक आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विमानात डीजी असेल तर निघण्याआधी कॅप्टनला एक लेखी सूचना द्यावीच लागते, तिलाच नोटॉक म्हणतात. मालाचं अधिकृत नाव, यूएन क्रमांक (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला त्या मालाचा आकडा), धोक्याचा वर्ग, किती नग, किती वजन आणि विमानात नेमका कुठे ठेवलाय, हे सगळं त्यात असतं. खोकी फुटलेली किंवा गळणारी नाहीत याची खात्रीही असते. कॅप्टन सही करतो आणि एक प्रत जमिनीवर राहते.

त्या दिवशी नोटॉकवर कोरडा बर्फ होता, यूएन १८४५, वर्ग ९. जागा: पुढचा १ नंबरचा होल्ड, म्हणजे सामानाचा कप्पा. भावाने लोडशीट, म्हणजे कुठल्या होल्डमध्ये काय भरलंय त्याचा कागद, वाचली तर तिथे तोच बर्फ मागच्या ५ नंबरमध्ये दाखवलेला. आणि ५ नंबरमध्ये एका प्रवाशाचा कुत्रा होता.

कोरडा बर्फ वितळून पाणी होत नाही, त्याचा थेट कार्बन डायऑक्साइड होतो. एका किलोचा साधारण ५४० लिटर वायू. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. म्हणून जनावर आणि कोरडा बर्फ जवळ ठेवायचे नाहीत हा नियम आहे.

कॅप्टन म्हणाले, नोटॉक हाच अधिकृत कागद, तो १ नंबर म्हणतोय, रॅम्पवाल्यांची, म्हणजे विमानात माल भरणाऱ्यांची, सही आहे, निघू या. भाऊ म्हणाला, दोन कागद दोन गोष्टी सांगताहेत, होल्ड उघडून बघू या. थोडी बोलाचाली झाली. शेवटी कॅप्टननी दार उघडायला लावलं. खोकी १ नंबरमध्येच निघाली! कुत्रा बघून लोडरने आधीच जागा बदलली होती, लोडशीट तेवढी जुनी राहिली होती. दोन्ही कागद जुळवून विमान निघेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला, आणि पुढे काही प्रवाशांची जोड विमानं चुकली. उतरल्यावर कॅप्टन त्याला म्हणाले, "माल बरोबर होता. जमिनीवरच्या माणसांवर विश्वास ठेवायला शीक."

भाऊ खट्टू झालाय. माझं मत स्पष्ट आहे: त्याने केलं ते बरोबर केलं, आणि माल बरोबर निघाला म्हणून ते चूक ठरत नाही. पण मी कॉकपिटमधली नाही, कागदांच्या बाजूची आहे. इथे विमान क्षेत्रातले जाणकार आहेत. तुम्हाला काय वाटतं?


सातपूरकर
सोमवार, रात्री १०.१५

ताई, धागा चांगला आहे, पण मी थोडा कॅप्टनच्या बाजूने बोलतो. माझं सातपूरला औद्योगिक गोंदाचं छोटं युनिट आहे. एक विमान अर्धा तास थांबलं की त्यात बसलेल्या दीडशे-पावणेदोनशे लोकांचं नुकसान होतं. कोणाची मुलाखत असेल, कोणाचं ऑपरेशन. कॅप्टनकडे सही केलेला कागद होता. प्रत्येक सहीवर संशय घ्यायचा तर मग सही कशाला घ्यायची?

दुसरं, नियम इतके झालेत की लहान उद्योजकाने काय करावं कळत नाही. आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं, ते जाडजूड नियमपुस्तक दर १ जानेवारीला नवं येतं. गोंदाच्या चार बाटल्या नमुना म्हणून दुबईला पाठवायच्या तर पॅकिंगचा खर्च गोंदापेक्षा जास्त. एका एजंटाने मला सरळ सांगितलं होतं, "साहेब, 'वॉटर बेस्ड, नॉन हॅझार्डस' लिहा, कोण बघतंय." मी ऐकलं नाही. पण ऐकणारे आहेत, हे मी जाणून आहे.


ओझरचा_जुना
सोमवार, रात्री ११.०५

सातपूरकर, "कोण बघतंय" यावरच लिहितो. आयुष्यभर विमानांच्या देखभालीत काम केलं, आता निवृत्त. आमच्या वेळी प्रत्येक प्रशिक्षणात एक अपघात शिकवायचे, तो इथे सगळ्यांनी वाचावा असा आहे.

११ मे १९९६. व्हॅल्यूजेट कंपनीचं फ्लाइट ५९२, डीसी-९ विमान, मायामीहून अटलांटाला निघालेलं. पुढच्या होल्डमध्ये काही खोकी आणि विमानाचे टायर ठेवले होते. खोक्यांत मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर होते. विमानात दाब गेला की डोक्यावरून मास्क खाली पडतात ना, त्यांना ऑक्सिजन पुरवणारी ती नळकांडी. आत रसायन असतं, खटका पडला की ऑक्सिजन तयार होतो आणि नळकांडं भयंकर तापतं. ती काढून पाठवताना खटक्यावर सुरक्षा टोपी लावायची असते. टोप्या लावलेल्या नव्हत्या. देखभाल करणाऱ्या ठेकेदाराकडून खोकी आली, सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: ऑक्सिजनची नळकांडी, रिकामी.

'रिकामी' या शब्दावर खोकी चढली. त्या कंपनीला धोकादायक माल नेण्याची परवानगीच नव्हती, त्यामुळे कॉकपिटला सूचना वगैरे काही नाही. आग लागली, तिला ऑक्सिजन आतूनच मिळत होता. उड्डाणानंतर दहा मिनिटांच्या आत विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ११० जण होते, एकही वाचला नाही.

त्या प्रकारच्या होल्डमध्ये तेव्हा धुराचा इशारा देणारं यंत्रही नसायचं आणि आग विझवण्याची सोयही नसायची. हवा कमी असल्याने आग आपोआप विझेल असं गृहीत धरलेलं. या अपघातानंतर अमेरिकेने दोन्ही बसवणं सक्तीचं केलं.

मला सांगा, त्या दोन वैमानिकांनी काय ओळखायचं होतं? वैमानिक होल्डमध्ये जाऊन खोकी फोडून बघत नाही. त्याला कागद तेवढा दिसतो. म्हणून दोन कागद दोन गोष्टी सांगत असतील तर माझ्या मते प्रश्न विचारणाऱ्याची पाठ थोपटायला हवी.


मेघना_सिन्नर
मंगळवार, सकाळी ७.३०

मी माळेगाव एमआयडीसीत औषध कंपनीच्या डिस्पॅचला आहे. कोरडा बर्फ आमच्या रोजच्या कामातला. उणे ७८ अंशांचा पदार्थ, पण सगळे त्याला बर्फच समजतात, आणि 'बर्फच तर आहे' हीच अडचण आहे.

आमच्याकडे नवीन मुलं येतात तेव्हा हमखास दोन गोष्टी होतात. एक, खोक्यावर बर्फाचं निव्वळ वजन लिहायच्या ऐवजी पूर्ण खोक्याचं वजन लिहितात. दोन, डबा हवाबंद करतात, म्हणजे 'थंडी टिकेल'. वायू बाहेर पडायला वाट नसेल तर डबा फुटतो. मी स्वतः प्रत्येक मुलाला हे उभं राहून शिकवते.

द्राक्षवेलताई, एक विचारायचंय. कोरड्या बर्फाला शिपरचं (माल पाठवणाऱ्याचं) डिक्लेरेशन लागत नाही, एअर वेबिलवर, म्हणजे विमानमालाच्या पावतीवर, लिहिलं की पुरतं. मग नोटॉकवर तो कसा येतो? आणि आम्ही खोक्यावर चुकीचं वजन लिहिलं तर तेच कॅप्टनपर्यंत जातं का?


द्राक्षवेल
मंगळवार, सकाळी ९.१०

मेघना, हो, तेच जातं. बाकीच्या बहुतेक डीजीला लाल तिरप्या पट्ट्यांच्या कडांचं डिक्लेरेशन लागतं, कोरडा बर्फ एकटा असेल तर नाही. पण नोटॉकवर त्याची नोंद होतेच: यूएन क्रमांक, वजन, होल्ड. विमान कंपनीची स्वीकार करणारी माणसं तपासणी-यादी घेऊन लेबल आणि वेबिल जुळवतात. डबा उघडून बर्फ मोजत नाहीत. तुमच्या मुलाने खोक्यावर जो आकडा लिहिला तो वेबिलवर, तिथून नोटॉकवर, तिथून कॅप्टनच्या सहीखाली. मध्ये तो आकडा दुरुस्त करणारं कोणी नाही.

सातपूरकर, याच कारणाने मला तुमचा 'सहीवर संशय कशाला' हा मुद्दा पटत नाही. भावाने सहीवर संशय घेतला नव्हता. दोन सह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, त्यातली खरी कोणती हे त्याला बसल्या जागी कळायला मार्ग नव्हता. कॅप्टनलाही नव्हता.

ओझरचे काका, 'रिकामी' हा शब्द वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही 'रिकामे सिलिंडर' म्हणून माल येतो. आत जरासा वायू उरला असला तरी नियमाच्या दृष्टीने तो भरलेल्या मालासारखाच. धुऊन, निर्धोक करून, तसं लिहून आल्याशिवाय मी ते खोकं पुढे जाऊ देत नाही.


उत्तरवारा
मंगळवार, दुपारी १.२०

मी कॅप्टन म्हणून निवृत्त झालो, आता गंगापूर रोडला असतो. दोन्ही बाजूंनी बोलतो, कारण दोन्ही खुर्च्यांवर बसलोय.

आधी कॅप्टनची बाजू. आयसीएओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, नियमांप्रमाणे विमानाबाबत शेवटचा शब्द कॅप्टनचा. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात निघायच्या वेळी हवामान, इंधन, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) दिलेली वेळ, ड्यूटीचे उरलेले तास हे सगळं चालू असतं. आयत्या वेळी सामानात बदल होणं ही रोजची गोष्ट आहे. 'लोडशीट मागे राहिली असणार' हा त्यांचा अंदाज अनुभवातून आला होता आणि तो खरा ठरला.

तरीही माझं मत तुमच्या भावाच्या बाजूने आहे. अंदाज खरा ठरणं आणि निर्णय बरोबर असणं या वेगळ्या गोष्टी. नोटॉक केवळ निघण्यासाठी नसतो. हवेत आग किंवा धूर झाला तर मी एटीसीला सांगतो की माझ्या पोटात अमुक यूएन क्रमांकाचा माल इतका, अमुक होल्डमध्ये आहे. खालचे अग्निशामक त्यावरून ठरवतात कुठलं दार उघडायचं, काय घालून जायचं. तेव्हा कागदावरची जागा चुकीची असेल तर ती माणसं चुकीच्या दाराशी उभी राहतील.

आता दोघांच्या मतभेदाबद्दल. ३ नोव्हेंबर १९७३ ला पॅन अ‍ॅमचं ७०७ जातीचं मालवाहू विमान, फ्लाइट १६०, बोस्टनला उतरताना कोसळलं. कॅलिफोर्नियातून स्कॉटलंडला चाललेल्या मालात नायट्रिक अ‍ॅसिडच्या बाटल्या होत्या आणि त्या लाकडी भुशात बांधल्या होत्या. अ‍ॅसिड सांडलं, भुशाशी त्याची प्रक्रिया झाली, कॉकपिट धुराने भरलं. तिघेही गेले. चौकशी अहवालात जे कारण दिलंय त्यात धूर आहेच, पण पुढे असंही आहे की कर्मचाऱ्यांनी आपसांत ताळमेळ न ठेवता विमान स्थिर ठेवणारं एक यंत्र बंद केलं, तेव्हा पंखांवरच्या पट्ट्याही एकमेकींना न जुळणाऱ्या स्थितीत होत्या, आणि विमान हातातून गेलं. बांधणारा चुकला, तपासणारे चुकले, आणि शेवटच्या मिनिटांत एकाचं काम दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. या अपघातानंतर अमेरिकेत १९७५ चा धोकादायक मालवाहतुकीचा कायदा आला.

आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर मंगळूर, २२ मे २०१०. तिथे डीजीचा संबंध नाही, तरी सांगतो. सहवैमानिकाने उतरणं सोडून पुन्हा वर घेण्याबद्दल कॅप्टनला एकदा नाही, तीनदा सांगितलं. कॅप्टननी उतरवलं. १५८ माणसं गेली. आम्ही ज्याला सीआरएम म्हणतो, म्हणजे कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांना कसं सांगायचं आणि कसं ऐकायचं याचं प्रशिक्षण, ते १९७९ च्या नासाच्या कार्यशाळेनंतर जगभर रुजलं. पण ते अंगात मुरायला फार वेळ लागतो. आपल्याकडे तर वयाने मोठ्या माणसाला 'सर, हे चुकतंय' म्हणणं घरातही कठीण.

तुमच्या भावाला सांगा, त्याने प्रश्न ठीक विचारला आणि कॅप्टननी शेवटी दार उघडलं. त्या कॉकपिटमध्ये व्यवस्था चालली. नंतरचं वाक्य कॅप्टननी बोलायला नको होतं. त्या वाक्याने पुढचा प्रश्न गिळला जाईल, याची मला काळजी वाटते.


कसाराघाट
मंगळवार, रात्री ८.५०

आमच्या दोन गाड्या नाशिक ते सहार चालतात. मी कागदातलं फार बोलत नाही, पण रस्त्यावर काय होतं ते सांगतो.

पावसाळ्यात ताडपत्री नीट नसली की लेबल भिजतं, सुटतं. वर-बाण दाखवणारी खूण खोक्याच्या एकाच बाजूला असते, दोन्ही समोरासमोरच्या बाजूंना हवी. हमालाला जी बाजू दिसली त्यावर तो ठरवतो, मग द्रवाच्या बाटल्या आडव्या. काही लोक चार डीजी खोकी एका मोठ्या खोक्यात घालून वरून साधी टेप मारतात, आतली लेबलं दिसतच नाहीत. बाहेरून पुन्हा सगळं लिहायला हवं, 'ओव्हरपॅक' असंही लिहायला हवं, हे मी सहारला दोनदा माल परत आल्यावर शिकलेल्या ड्रायव्हरांकडून ऐकलंय.

नारिंगी रंगाचं एक लेबल असतं, फक्त मालवाहू विमानासाठी. ते फाटलं तर? खोकं प्रवासी विमानाच्या गाडीवर जाणारच. म्हणून मी ड्रायव्हरला गाडी भरताना लेबलांचे फोटो काढायला सांगतो. इगतपुरीला चहाला थांबले की पुन्हा एक नजर. वेळ जातो, शेठ ओरडतात. ओरडू देत.


गोदाकाठची_सई
बुधवार, सकाळी ११.००

मी साधी प्रवासी. ओझरहून अधूनमधून विमानाने जाते. हा धागा वाचून दोन प्रश्न पडले.

कॅप्टनला कागद मिळतो तो मालाचा. आमच्या बॅगांतलं काय? पुढे सिंहस्थ आहे, देशभरातून भाविक येतील, परत जाताना पूजेचं साहित्य नेतील. ते कुठे लिहिलं जातं?

आणि बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच ३७० विमानात लिथियम बॅटऱ्या होत्या असं वाचलंय. त्या कॅप्टनला माहीत होत्या का?


उत्तरवारा
बुधवार, दुपारी १२.४५

सई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. ८ मार्च २०१४ च्या त्या विमानात २२१ किलो लिथियम-आयन बॅटऱ्या होत्या, एका मोठ्या खेपेचा भाग म्हणून. त्या ज्या पॅकिंग कलमाखाली बांधल्या होत्या त्यात पूर्ण डीजीची वागणूक लागू नव्हती, त्यामुळे त्या नोटॉकवर येणं बंधनकारक नव्हतं. विमानाचं काय झालं हे आजही सिद्ध झालेलं नाही. बॅटऱ्यांना दोष द्यायला कसलाही पुरावा नाही, म्हणून तो संबंध मी जोडणार नाही.

पण नियमातली ही फट मला नोकरीत असल्यापासून सलते. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या, यूएन ३४८०, प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला बंदी आहे. चांगलं झालं. उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबतच्या मात्र जातात, आणि लहान असतील तर अजूनही नोटॉकशिवाय जातात.

कागद नसला की काय होतं ते ३ सप्टेंबर २०१० ला दुबईत दिसलं. यूपीएसचं ७४७ मालवाहू विमान. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, त्यातल्या काही खेपा वर्ग ९ मध्ये घोषित व्हायला हव्या होत्या, झाल्या नव्हत्या. आग लागली. कंट्रोलरने दोहा जवळ असल्याचं सांगितलं होतं, अंतर साधारण १०० मैल. कॅप्टननी दुबईला परतायचं ठरवलं, ते लांब होतं. थोड्याच वेळात धूर इतका की समोरच्या उपकरणांच्या तबकड्या दिसेनात. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला, ते खुर्चीतून उठले ते परतले नाहीत. सहवैमानिक एकटा उडवत राहिला. दोघेही गेले. मागे नेमकं काय जळतंय हे कागदावर असतं तर त्यांनी दोहा निवडलं असतं का, हे कोणी सांगू शकत नाही. पण निर्णय घेताना त्यांच्या हाती ती माहिती नव्हती, एवढं नक्की.

प्रवासी विमानाच्या होल्डमध्ये हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो. पण बॅटरी आतून तापत गेली की एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, आणि ते हॅलॉनने थांबत नाही.


द्राक्षवेल
बुधवार, सायंकाळी ६.३०

कॅप्टन साहेब, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद भावाला जसाच्या तसा पाठवला.

सई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते. प्रवाशाच्या बॅगेतल्या वस्तू सहसा कुठल्याही नोटॉकवर येत नाहीत, म्हणून तिथे बंदीच घालावी लागते. पूजेच्या सामानात दोन गोष्टी लक्षात ठेवा. कापूर हा ज्वालाग्राही घन पदार्थ आहे, वर्ग ४.१, यूएन २७१७. ना हातातल्या बॅगेत, ना खालच्या. सुकं खोबरं वर्ग ४.२ मध्ये येतं, म्हणजे आपोआप तापून पेटू शकणारा माल, यूएन १३६३. आपल्याकडे देवळातून निघालेला प्रत्येक माणूस या दोन वस्तू पिशवीत घालतो आणि त्याला त्या धोकादायक आहेत हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं. सिंहस्थाच्या आधी त्र्यंबकला, रामकुंडावर, ओझरच्या विमानतळावर मराठी-हिंदीत मोठे फलक लागायला हवेत असं मला फार वाटतं. काउंटरवर बॅग उघडून कापूर काढून घेतला की भाविकाला तो अपमान वाटतो.

पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, खाली कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर निघायच्या तयारीतलं एअर बुसानचं विमान जळालं. पॉवर बँकचा संशय आहे. विमान जमिनीवर होतं म्हणून सगळे बाहेर पडले.


सातपूरकर
बुधवार, रात्री ९.२५

सगळं वाचलं. अर्ध्या तासाच्या नुकसानीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेत नाही, ते नुकसान खरंच होतं. पण कॅप्टन साहेबांचा 'चुकीच्या दाराशी उभे राहतील' हा मुद्दा माझ्याकडे नव्हता. दोन कागद जुळत नसतील तर थांबावं, हे मान्य. मग ती जबाबदारी लोडशीट करणाऱ्यावर टाका. सहवैमानिकाने एकट्याने का भांडावं?


ओझरचा_जुना
बुधवार, रात्री १०.१०

सातपूरकर, जबाबदारी त्याचीच आहे. पण दार बंद होण्याआधी कागद वाचणारा शेवटचा माणूस कॉकपिटमध्ये असतो. त्याच्या मागे कोणी नाही.


उत्तरवारा
बुधवार, रात्री १०.३०

मी माझ्या सहवैमानिकांना नोटॉक मोठ्याने वाचायला लावायचो. नाव, क्रमांक, नग, होल्ड. मी लोडशीट हातात धरून ऐकायचो. त्याला जेमतेम मिनिट लागतं. यात मी मोठा की तो, हा प्रश्नच उरत नाही, कारण प्रश्न विचारणं हे त्याचं ठरवून दिलेलं काम होतं. माझ्या मते हीच पद्धत सगळीकडे लिखित नियम म्हणून यायला हवी. आज कॉकपिटमधून सही एकट्या कॅप्टनची असते.


मेघना_सिन्नर
गुरुवार, सकाळी ८.०५

आजपासून आमच्या डिस्पॅचलाही हेच. एक जण लेबल वाचेल, दुसरा वेबिल. निव्वळ वजनाचा रकाना मी लाल पेनाने आखून दिलाय.


सातपूरकर
गुरुवार, सकाळी १०.४०

द्राक्षवेलताई, एक व्यावहारिक मदत हवी. शुक्रवारी माझे गोंदाचे नमुने जायचे आहेत. यातलं सॉल्व्हंट नवीन पुरवठादाराचं. त्याने सुरक्षा माहितीपत्रक दिलंय, त्यात कलम १४ मध्ये वाहतुकीसाठी 'लागू नाही' लिहिलंय. म्हणजे साधा माल म्हणून पाठवता येईल ना?


द्राक्षवेल
गुरुवार, सकाळी १०.५५

थांबा. त्याच पत्रकात कलम ९ बघा. फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती अंशांना वाफ पेटू शकते, तो किती दिलाय?


सातपूरकर
गुरुवार, सकाळी ११.२०

१२ अंश सेल्सिअस.


द्राक्षवेल
गुरुवार, सकाळी ११.२५

६० अंशांपर्यंत फ्लॅश पॉइंट असलेला द्रव वर्ग ३ मध्ये, म्हणजे ज्वालाग्राही द्रवांत, जातो. १२ अंश म्हणजे अंबडच्या थंडीतल्या दुपारीसुद्धा वाफ पेटू शकते. तुमच्या तयार गोंदाचा फ्लॅश पॉइंट वेगळा तपासून घ्यावा लागेल, पण सॉल्व्हंट हे असेल तर तो बहुधा यूएन ११३३ मध्येच, म्हणजे ज्वालाग्राही गोंदांत, बसेल. कलम १४ आणि कलम ९ एकमेकांशी जुळत नाहीत. पत्रक पुरवठादाराला परत पाठवा आणि दुरुस्त करून सहीनिशी मागवा. ते येईपर्यंत शुक्रवारची गाडी भरू नका. दुबईच्या ग्राहकाला उशिराचं पत्र मी लिहून देते, फक्त ऑर्डर क्रमांक कळवा.


सातपूरकर
गुरुवार, दुपारी १२.०५

पुरवठादाराला फोन केला, तो म्हणतोय "सगळ्यांना हेच पत्रक देतो, कोणी विचारलं नाही आजपर्यंत." माल थांबवलाय. ऑर्डर क्रमांक व्यनिने पाठवतो.